एक फुटाखालची माती

मी निवृत्त झालो त्या दिवशी माझ्या सत्कारात एका जागेचं नाव दोनदा निघालं. माझ्या अहवालामुळे अगदी थोड्या खर्चात एक विषारी जमीन लोकांच्या उपयोगी पडली, असं मोठे साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या, शाल आली, नारळ आला, आणि मी मान खाली घालून बसलो. लोकांना तो विनय वाटला. बायकोलाही तसंच वाटलं असावं. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, चार शब्द तरी बोलायचे होते. मी काय बोलणार होतो? जे तिला त्या रिक्षात सांगता आलं नाही आणि नंतरही कधी सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगतो आहे. तुम्हालाच का? — तुम्ही मला ओळखत नाही, बहुधा म्हणून.

सुरुवात मातीपासून करतो. ते सोपं आहे. मातीबद्दल मी कितीही बोलू शकतो.

माझं गाव सटाण्याकडचं, घरी थोडी शेती. कृषी पदविका घेऊन मी नाशिकला माती तपासणीच्या प्रयोगशाळेत हंगामी सहायक म्हणून लागलो, तेव्हा आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. गंगापूर रोडला एक खोली भाड्याने घेतली होती, सायकलवर जा-ये करत होतो. शेतकरी कापडी पिशव्यांतून माती आणायचे आणि मी त्यांना नमुना कसा घ्यायचा ते शिकवायचो. शेतातून नागमोडी चालायचं. दहा-पंधरा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यायचे. सगळी माती एका घमेल्यात मिसळायची, पसरायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. आणि मुख्य नियम: बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याची, विहिरीजवळची माती घ्यायची नाही. जो तुकडा इतरांपेक्षा वेगळा दिसेल तो सोडायचा. साऱ्या शेताला खत किती द्यायचं हे ठरवायचं असतं, एका कोपऱ्याला नव्हे. नियम शहाणपणाचाच आहे. मी तो इतक्यांदा सांगितला होता की झोपेतही म्हटला असता.

आता ती जागा.

शहराच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडे एक जुना प्लेटिंगचा कारखाना होता. सायकलींची हँडलं, खुर्च्यांचे पाइप, असल्या वस्तूंवर तिथे क्रोमचा मुलामा चढवत. अंबडकडे नवी औद्योगिक वसाहत होणार अशी बोलणी सुरू झाली तसे जुने कारखानदार गावातून हलायच्या गोष्टी करू लागले. हा हलला नाही, सरळ बंदच पडला. मालक यंत्रं विकून निघून गेला. जागा फिरत फिरत नगरपालिकेकडे आली. कारखान्याच्या भिंतीला लागूनच बौद्ध वस्ती होती, चाळीसेक घरांची. निम्म्या घरांतली माणसं त्याच कारखान्यात कामाला होती. वस्तीला तिथे बालवाडी हवी होती आणि पोरांना खेळायला मैदान. त्यांची पोरं तोवर रस्त्यावर खेळत, आणि त्या रस्त्यावरून ओझरच्या कारखान्याच्या कामगारांच्या गाड्या जात.

अशा पडीक जागा सुधारायला सरकारी निधी होता. पण अट अशी, की माती किती खोलवर खराब आहे याचा अहवाल हवा. अहवालात जितके फूट, तितके फूट खणायचे आणि माती वाहून न्यायचे पैसे. त्याहून एक टोपलं जास्त नाही. मग तपासणार कोण? कारखान्याची माती तपासणारं कुणी नगरपालिकेच्या माहितीत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, मातीच तपासायची ना, मग माती तपासणीवाल्यांकडे पाठवा. आणि आमच्या साहेबांनी मला पाठवलं.

हसू येतं? मलाही येतं कधीकधी. पण तेव्हा मी छाती फुगवून गेलो होतो.

तिथे मला गयाबाई भेटल्या. पन्नाशीच्या, उंच, ताठ बाई. हौदांवर काम करत, म्हणजे हँडलं ॲसिडमधून काढून क्रोमच्या हौदात सोडायची, वर काढायची, धुवायची. त्यांनी "जय भीम, साहेब" म्हणून हात जोडले आणि मी त्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या पेरांवर गोल खोल खळगे होते, प्रत्येकात तांदळाचा दाणा बसेल असे. त्या कारखान्यातल्या माणसांना हातावर भोकं पडत, हे मला त्यांनीच सांगितलं. दुखत नाही म्हणाल्या, नुसतं भरून येत नाही.

मी नागमोडी चालायला लागलो. त्या माझ्या मागे. थोड्या वेळाने त्यांनी ओढ्याकडच्या कोपऱ्याकडे बोट केलं. सगळ्या आवारात गुडघाभर गवत माजलं होतं, त्या कोपऱ्यात काडी नव्हती. माती पिवळट, फुटलेली.

"तिथली घ्या, साहेब. हौद गळका व्हता आन् वरून रोज तिथंच वतायचे. म्या सोत्ता वतलंय. लय खोल गेलंय ते."

मी काय केलं असेल? सांगितलं ना, नियम मला पाठ होता. वेगळा दिसणारा तुकडा सोडायचा. मी तसं त्यांना समजावलं. त्या ऐकेनात, पुन्हा तेच म्हणाल्या. तेव्हा मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं: "बाई, तुम्ही हँडलं बुडवत होतात. माती आम्ही तपासतो." दोन पोरं उभी होती, ती हसली. गयाबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. तशाच मागून चालत राहिल्या, आणि मी घमेल्यात माती मिसळू लागलो तेव्हा त्यांनी पदराने वारा अडवून धरला, उडू नये म्हणून.

अहवालात मी लिहिलं: वरचा एक फूट थर काढावा, खालची माती सर्वसाधारण आहे. खालची माती मी पाहिलीच नव्हती. वीतभर खणायची सवय, त्यात उदारपणे थोडी भर घातली, झाला एक फूट. साहेब खूश. एवढ्या थोडक्यात भागतंय म्हटल्यावर वरचेही खूश; कौतुकाचं पत्र आलं, आणि मला कायम करण्याच्या कागदावर साहेबांनी शिफारस केली.

इथवर ती चूक होती. अडाण्याची म्हणा, उंटावरच्या शहाण्याची म्हणा, पण चूक. चुकीसाठी मी तुमचा वेळ घेतला नसता.

ते वाऱ्यापासून माती राखणं मात्र माझ्या डोक्यातून जाईना. महिन्याभराने एका रविवारी सकाळी मी एकटाच गेलो. साहेबांना सांगितलं नव्हतं. सब्बल घेऊन त्या उघड्या कोपऱ्यात खणायला लागलो. दोन फुटांवर घाम फुटला, तीन फुटांवर माती ओली लागली, आणि मागे पाहतो तर गयाबाई उभ्या. त्यांनी पदर खोचला, माझ्या हातातली सब्बल घेतली आणि आणखी दीड हात खाली गेल्या. त्या खालच्या मातीचा गोळा त्यांनी वर दिला. मी तो बाटलीतल्या पाण्यात ढवळला, गाळणीच्या कागदातून गाळला. पाणी पिवळं आलं. फिकट नाही — हळदीचं पाणी असतं तसं.

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून मी एक औषध मागून आणलं होतं. क्रोम असेल तर रंग बदलतो, एवढंच त्याने सांगितलं होतं. दोन थेंब टाकले. आणि ती बाटली जांभळी झाली. कशी सांगू तुम्हाला? पिकल्या जांभळाचा आतला गर असतो ना, तसा तो रंग थेंबाच्या टोकातून फुटला आणि बघता बघता सगळ्या पाण्यात उतरला. इतकी सुंदर वस्तू मी प्रयोगशाळेत कधी पाहिली नव्हती. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. पाच फूट खाली, अंधारात, वर्षानुवर्षं हे असंच बसून होतं, आणि अक्षरओळख नसलेल्या या बाईला ते ठाऊक होतं.

"आता लिहाल ना, साहेब?" एवढंच त्या म्हणाल्या.

"लिहितो," मी म्हणालो.

सोमवारी मी बाटली घेऊन कचेरीत गेलो. दुपारपर्यंत ती टेबलाच्या खणात होती. साहेब दोनदा जवळून गेले. एकदा तर थांबले, कायम होण्याचा कागद वर गेला असं हसून सांगितलं, पाठीवर थाप मारली. जेवणाची सुट्टी झाली, सगळे डबे घेऊन बाहेर गेले. मी उठलो आणि ती बाटली बेसिनमध्ये ओतली. नळ सोडला. बराच वेळ सोडून ठेवला — तो रंग लवकर जात नाही.

हे आहे ते. बाकीचं सगळं याच्याच मागून आलं.

नोकरीची भीती होती, खोटं नाही. पण आता इतक्या वर्षांनी तुमच्यापुढे तरी पूर्ण बोलू द्या. कायम व्हायला चार महिने उशीर झाला असता, फार तर साहेब चिडले असते. मला ते सोसलं असतं. सोसणार नव्हतं ते दुसरंच: माझ्या अहवालाखाली असं लिहिणं, की हौदावर काम करणारी बाई बरोबर होती आणि मी चुकलो. झाकली मूठ सव्वालाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय होतं ते मला माहीत होतं.

एक फुटाचे पैसे आले. ट्रक आले, एक फूट माती खरवडून नेली, ठेकेदार सपाट करून गेला. हिवाळाभर वस्तीने वाट पाहिली. गयाबाईंनी माझी वाट पाहिली, असं म्हणायला हवं. त्या एकदाही कचेरीत आल्या नाहीत. आल्या असत्या तर? मी काहीतरी थाप मारली असती.

मग फेब्रुवारीत मला कळलं, की वस्ती स्वतःच खणते आहे. पैसे कुठून आणले? एप्रिलमधल्या जयंतीची वर्गणी त्यांच्याकडे घरटी गोळा होते. मिरवणूक, बँड, मांडव, रोषणाई. वर्षभर पोटाला चिमटा काढून ठेवलेले पैसे असतात ते. शेजारच्या वस्त्यांपेक्षा आपली मिरवणूक उणी पडू नये याची केवढी ईर्षा असते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत. त्या वर्षी विहारात बैठक झाली आणि गयाबाई उभ्या राहून म्हणाल्या, की बँड पुढच्या साली वाजवू, या साली जमीन धुऊ. तरुण पोरांनी आधी कुरकुर केली म्हणतात. पण शेवटी वर्गणी त्या खड्ड्यात घालायची ठरली. त्यातून सिमेंट आलं, लोखंड आलं, घमेली आली. मजुरी कुणी घेतली नाही.

मी रोज संध्याकाळी सायकल घेऊन त्या रस्त्याने जायला लागलो. वळसा पडायचा, तरी जायचो. रस्त्यावर एक पाय टेकवून बघत राहायचो. कामावरून सुटून आलेली माणसं चहा पिऊन सरळ खड्ड्यात उतरत. गयाबाईंनी पंक्चरवाल्यांकडून सायकलींच्या जुन्या ट्यूबा गोळा करून, त्या चिरून सगळ्यांच्या हातापायांना बांधायला लावल्या होत्या. कुणी उघड्या हाताने मातीला शिवला की त्या वरून ओरडत. कुठे थांबायचं हेही त्याच सांगत. मातीचा गोळा घ्यायच्या, पाण्यात ढवळायच्या, उन्हाकडे धरून बघायच्या. पिवळं दिसलं की म्हणायच्या, अजून हाय. मला करताना एकदा पाहिलेली रीत ती. पाच फूट, सहा फूट, सात. सात फुटांवर पाणी स्वच्छ आलं.

आणि काढलेली माती? ओढा दहा पावलांवर होता. दोन दिवसांत सगळी ढकलता आली असती, कुणी विचारलं नसतं. पण ओढा पुढे ज्या वस्त्यांतून जातो तिथेही पोरं आहेत, असं त्या म्हणाल्या. कारखान्याचा एक पक्का हौद शाबूत होता. तो त्यांनी भेगा बुजवून, आतून पुन्हा गिलावा करून घेतला, सगळी पिवळी माती त्यात भरली आणि वर जाड स्लॅब टाकला. वस्तीतल्याच गवंड्याने ओल्या सिमेंटमध्ये खिळ्याने अक्षरं कोरली: इथे खणू नये.

मी पुष्कळ मोठमोठी कामं पाहिली आहेत नंतर. धरणाच्या भिंतीवर उभा राहिलो आहे. पण ज्याच्यापुढे हात जोडावेत असं मी एवढंच पाहिलं. आणि ते बघत मी रस्त्यावर होतो, सायकलवर. एकदाही खाली उतरलो नाही. मी बाटली ओतली नसती तर तिथे यंत्र आलं असतं, रबरी बूट आले असते, पैसे तर आलेच असते. ट्यूबा सगळ्यांना पुरल्या नाहीत. ज्या पायांना पुरल्या नाहीत ते गयाबाईंचे होते. त्यांच्या घोट्याखाली जखमा झाल्या त्या पावसाळ्यातही मिटल्या नाहीत, आणि पुढे त्या कायम लंगडत चालल्या.

बालवाडी झाली. मैदान झालं. त्या कोपऱ्यात गवत आलं, पहिल्याच पावसाळ्यात, मी वाकून हात लावून पाहिलं. उद्घाटनाला मांडव घातला, मला व्यासपीठावर खुर्ची दिली. एका पुढाऱ्याने भाषणात सांगितलं, की केवळ एक फूट माती काढून ही जागा शुद्ध झाली, शास्त्रीय अहवालाचा हा फायदा, इतर ठिकाणीही हेच करावं. खाली वस्तीतली चाळीस घरं बसली होती. सगळ्यांना माहीत होतं किती फूट. गयाबाईंनी त्यांना काय सांगून ठेवलं होतं, मला अजून माहीत नाही. कुणी चकार शब्द काढला नाही.

नारळ द्यायला त्याच वर आल्या, लंगडत, एकेक पायरी. नारळ माझ्या हातात ठेवताना हळूच म्हणाल्या, "पुढल्या जागेला तरी लिहा, साहेब."

त्यात टोमणा नव्हता. मी पुष्कळ शोधला. त्यांनी साधं सांगितलं होतं, कामातला माणूस कामातल्या माणसाला सांगतो तसं. एवढ्या सगळ्यानंतर त्यांना माझ्याकडून तेवढंच हवं होतं. मी मान हलवली.

पुढली जागा तीन-चार वर्षांनी आली. नाशिकची महानगरपालिका झाली होती. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला तसाच एक बंद पडलेला प्लेटिंगचा कारखाना, आणि तिथे बैठी घरं बांधून द्यायची होती. आजूबाजूला वस्ती नव्हती, तिथे काम केलेलं माणूस सापडलं नाही. फायलीत माझा जुना अहवाल आदर्श म्हणून लावला होता. तपासायला अर्थातच मी. आता मी कायम होतो, बढती झाली होती, ते साहेबही बदलून गेले होते. भीती घालायला कुणी उरलं नव्हतं.

पण तिथे सात फूट लिहायचे तर जुन्या अहवालातल्या एक फुटाचं काय? कुणीतरी विचारलंच असतं.

मी घमेलं घेऊन आवारात शिरलो आणि नागमोडी चालू लागलो. मागच्या भिंतीशी गवत संपलं होतं. बैलगाडीच्या चाकाएवढा उघडा तुकडा, पिवळट, फुटलेला. या वेळी मला कुणी बोट करून दाखवावं लागलं नाही. मी थांबलो. किती वेळ थांबलो ते सांगता येणार नाही. मग त्याला वळसा घातला, पुढे जाऊन चांगल्या जागी खड्डा घेतला, माती मिसळली, चार भाग केले, दोन टाकले, आणि अहवालात एक फूट लिहिलं. खाली सही माझी आहे.

तिथे आता घरं आहेत. मध्यभागी एक हापसा आहे, आणि सकाळी त्याच्यापुढे हंड्यांची रांग असते.

गयाबाई वारल्या तेव्हा मी गेलो नाही.